आडसाली कुत्रं

“आदी वजन बोला,” असं म्हणतच आबा माझ्या दवाखान्यात शिरत आणि टेबलावर जे कुत्रं असेल त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उचलून बघत. कुत्रं दुसऱ्याचं आहे, आजारी आहे, त्याला दात आहेत, यांपैकी कशाचाही त्यांच्यावर परिणाम होत नसे.

आबा इंदापूरकडचे ऊसवाले. सगळा जन्म कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रांगेत गेलेला. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जावई बघायला गेली तरी मनातल्या मनात त्याला काट्यावर चढवतात. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बारामती रस्त्याला जनावरांचा दवाखाना काढला तेव्हा नारळ फोडायला आबाच आले होते. माझे वडील भरल्या डोळ्यांनी माझ्या नावाची पाटी बघत उभे होते. आबांनीही ती निरखली आणि म्हणाले, “पाटी जड हाय. खिळं नीट मारा.”

त्यांनी कुत्रं पाळायचं ठरवलं ते आक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. वस्ती उसाच्या मधोमध, शेजारचं घर पाटापलीकडं, एकुलता मुलगा पुण्यात. आबांनी सत्तरी गाठलेली. “मी आदी जानार, ही मागं ऱ्हानार,” हे ते पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगत. “तिच्या दारात कोनतरी पायजे. मी गेल्यावर बी टिकनारं.”

टिकणारं म्हणून त्यांनी ग्रेट डेनचं पिल्लू आणलं. हिशेब त्यांच्या मते बिनतोड होता. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो, म्हणून त्याचं वजन जास्त भरतं. सुरू ऊस वर्षातच तुटतो, म्हणून तो हलका. तेव्हा जे कुत्रं सगळ्यांत वजनदार, तेच सगळ्यांत जास्त दिवस उभं राहणार.

“आबा, कुत्र्यांचं उलटं असतं,” मी म्हणालो. “ही दांडगी जात सात-आठ वर्षं काढते, फार तर दहा. लॅब्रडॉर दहा-बारा. ते एवढंसं पॉमेरेनियन मात्र चौदा-पंधरा सहज जगतं.”

“म्हंजी हत्ती आदी मरतो आन उंदीर शंभरी गाठतो?”

“हत्ती-उंदरांचं वेगळं. कुत्र्यांत मोठी जात भराभर वाढते आणि तशीच भराभर म्हातारी होते. हृदय थकतं, सांधे जातात.”

“परीक्षेला ह्येच लिवून पास झाला तुमी?”

“झालो की.”

“मग तपासनारा बी हलकाच आसंल.”

कारखान्याच्या निवडणुकीत आबा दोनदा पडले होते. म्हणून कुत्र्याचं नाव त्यांनी ठेवलं चेअरमन. “चेअरमन, खाली बस!” असं चारचौघांत ओरडताना त्यांचा चेहरा उजळून निघे. आक्का म्हणत, “ह्यो चेअरमन तरी ह्यांचं ऐकतोय.” दर वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागे. वर गॉगल घातलेला चेअरमन आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. सगळ्यांत जबाबदार चेहरा चेअरमनचाच वाटे.

पाच-सहा फ्लेक्स झाल्यावर चेअरमनचं तोंड पांढरं पडायला लागलं. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ते काळं करून दिलं, आणि त्याच झपाट्यात शुभेच्छुकांच्या मिश्याही काळ्या केल्या. पण चेअरमनचे मागचे पाय काही कॉम्प्युटरवर दुरुस्त होईनात. आबा त्याच्या पोटाखाली उपरणं घालून, दोन्ही टोकं वर ओढून धरून त्याला अंगणात फिरवत.

“माझ्या डोळ्यांम्होरं पिल्लू हुता आन माझ्या आदी म्हातारा झाला. शरम न्हाय गड्याला,” असं म्हणत आणि उपरणं थोडं आणखी वर ओढत.

उसाला तोड आली त्या दिवसांत चेअरमन गेला. बांधावर खड्डा घेताना आबांनी कुणाला खोऱ्याला हात लावू दिला नाही. मी काहीतरी धीराचं बोललो. “आडसाली म्हनून आनला,” ते म्हणाले, “सुरू निघाला.” मग पाठ फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

काही दिवसांनी ते दवाखान्यात आले. टेबलावरच्या कुत्र्याकडं त्यांनी बघितलंही नाही. आत येऊन दार लोटलं.

“ते तुमचं... पंधरा वर्सवालं. कुठं मिळंल?”

“पॉमेरेनियन?”

“हळू बोला की! भाईर आमच्या गावची मान्सं हायती.”

बारामतीतून त्यांनी ते पिल्लू भाजीच्या पिशवीत घालून आणलं, वर मेथीची जुडी ठेवून. एसटीत पिशवी भुंकली. कंडक्टरनं वळून बघितलं तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, “मोबाइल हाय. पोरानं रिंग बदललीया.”

आक्कांनी तिचं नाव खारीक ठेवलं. खारीक आबांच्या मांडीवर चढायला बघायची आणि आबा तिला उचलून आक्कांच्या मांडीवर नेऊन सोडायचे. भाकरी कधी स्वतःच्या हातानं घातली नाही. आक्का गोठ्याकडं निघाल्या की तिला मागं पिटाळायचे. “तिला चिकट, तिला. माझ्यापाशी काय हाय? मी सुरू.” हे मी लस द्यायला गेलो असताना ऐकलं आणि सिरिंज भरण्यात उगीचच वेळ लावला.

आबा गेले ते दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले असताना.

पुढच्या लसीला वस्तीवर गेलो तेव्हा मुलगा गाडी घेऊन आला होता. आक्कांना पुण्याला न्यायचं त्यानं पक्कं केलं होतं. बॅग भरून ओट्यावर आणून ठेवली होती. त्याच्या फ्लॅटवर कुत्रं चालत नव्हतं, तेव्हा खारीक कुणाला तरी देऊन टाकायची. खारीक आक्कांच्या दोन पायांमधून त्याच्यावर जीव तोडून भुंकत होती.

“आई, हितं एकटी कशी राहशील तू?” तो म्हणत होता.

आक्का माझ्याकडं वळल्या. “डाक्टर, हिचं आजून किती राह्यलं?”

“नीट सांभाळली तर दहा-बारा वर्षं कुठं जात नाही.”

मुलानं कपाळाला हात लावला.

“ऐकलंस?” आक्का म्हणाल्या. “ह्यांनी बघून, इचारून आनलीया. तवर मी काय एकटी न्हाय. बारा वर्सांनी ये न्यायला. आता ती ब्याग आत ठिव आन च्या पी.”

त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं, मग बॅग उचलली आणि आबांच्या रिकाम्या बाजेला वळसा घालून तो घरात गेला. तो आत दिसेनासा होईपर्यंत खारीक उंबऱ्यावर उभी राहून त्याच्यावर भुंकत होती.