तणसाचे दोन भारे

सदाशिव गुरुजींना मी प्रथम पाहिले ते धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेच्या ओट्यावर. मी तिसरीत होते. गुरुजी आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. तेव्हा चाळिशीत असावेत.

गोष्ट पाटीवर लिहिण्याआधी ती जोडीदाराला सांगायची, असा त्यांचा नियम होता. ऐकणाऱ्याने मध्ये फक्त "मंग?" म्हणायचे. जिथे त्याला तसे म्हणावेसे वाटले नाही, तिथून गोष्ट पुन्हा सांगायची. सांगताना आम्ही घरचीच बोली बोलत असू. गुरुजींनी तिला कुणाला हसू दिले नाही.

आमच्या जोडीतला एक बैल मेला, तेव्हा मी सांगितले, "सर्वांना फार दुःख झाले." जोडीदारीण गप्प. गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले.

"दुःख कोनं पायलं, बाई? तू काय पायलं, थे सांग."

त्याच दुपारी माझे वडील शाळेत आले.

"गुरुजी, पोरीचं नाव काढा. धानाची रोवणी आली. घरी लहान्याले कोन पायल?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "काढतो. पन तिची गोष्ट अर्धी रायली. तेवढी आयकून जा."

"गोष्टीनं काय पोट भरते?" असे म्हणत वडील टेकले.

मी खाली मान घालून सांगू लागले. "बैल मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच उठला. सवयीनं चाऱ्याले तणसाचे दोन भारे घेऊन गोठ्यात गेला." तिथे मी थांबले.

"मंग?" हे वडील म्हणाले होते.

"मंग तू एक भारा वापस नेला, बाबा."

वडिलांनी दुपट्ट्याने तोंड पुसले. उठताना म्हणाले, "राहू द्या नाव. लहान्याचं पाहू आमी."

त्या वर्षीची रोवणी संपेपर्यंत गुरुजी धाकट्या भावासह मला वर्गात बसू देत. तो रडला की स्वतः कडेवर घेऊन शिकवीत. आज मी जे चार शब्द लिहिते, ते गुरुजींच्या त्या कडेवरच्या ओझ्यामुळेच आहेत.

गुरुजी, आपण शेकडो मुलांच्या गोष्टी ऐकल्यात. स्वतःची कधी सांगितली नाहीत. ती आता सांगावी. उत्तम प्रकृतीने, सावकाश, शंभरीच्याही पुढे सांगत राहावे. "मंग?" म्हणायला आम्ही समोर बसलो आहोत.