परतीच्या नोटा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी काही लिहिणाऱ्यांतला नाही. परीक्षेच्या उत्तरापलीकडं लिहायचं म्हटलं की हात अडतो. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्या प्रवासाला गेलेल्यांत लिहिता येणारे आम्ही दोघंच होतो; मी आणि आमच्या वस्तीतले गुरुजी. गुरुजी लिहिणार नाहीत.

तामलवाडीपासून कोसभरावर आमची वस्ती. दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणसं जगली. पुढं चार पावसाळे बरे गेले, तेव्हा बायकांनी भिशी साठवून लुंबिनीला जायचं काढलं. भगवंताचा जन्म झाला ती जागा नेपाळात, म्हणजे परमुलखात आहे, असं मी सांगितलं आणि पहिला प्रश्न पैशाचाच निघाला. न्यायचे कसे आणि तिकडं चालवायचे कसे?

विहारात बैठक बसली. कुणी म्हणालं, कोपरीत शिवून न्यावेत. कुणी म्हणालं, बँकेचा ड्राफ्ट काढावा. त्यावर गुरुजी म्हणाले, "ड्राफ्ट वटवायला तिथं आपली ओळख कोण देणार?"

मी भीतभीत म्हणालो, "आपल्या नोटा तिथं चालतात असं ऐकलंय. ज्याचे पैसे त्यानं जवळ ठेवावेत, लागतील तेवढेच बदलावेत."

"परमुलखात त्यांचंच नाणं पाहिजे," गुरुजी म्हणाले. "आणि बारा घरांचे पैसे बारा ठिकाणी ठेवले तर बारा ठिकाणी हरवतील. एका हाती असू द्या."

सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं.

आत्या माझी सख्खी नव्हे. तरुणपणी नवरा वारला आणि ती माहेरी परत आली, म्हणून ती सगळ्या वस्तीचीच आत्या. तिला अक्षर येत नव्हतं, पण भिशीत कुणाचे किती हे तोंडपाठ असायचं. जमीन नाही, मूल नाही. "आत्याच्या हाती दिलं म्हंजी पेटीत ठिवलं," असं वस्तीत म्हणायचे, तेवढीच तिची मालमत्ता.

सोनौलीला सरहद्दीच्या नाक्यावर नोटा बदलून देणारा एक सराफ लाकडी पेटी मांडून बसला होता. हजार रुपये दिले, त्याचे साडेचौदाशे नेपाळी मिळाले. ती जाड गड्डी बघून बायका हरखल्या. एकीनं नोटांना हात लावून तो कपाळाला लावला.

"भगवंताच्या भूमीत पैसा बी वाढतो बघा."

"वाढला नाही," मी म्हणालो. "त्यांचा रुपया आपल्यापेक्षा हलका आहे. परत येताना तेवढाच कमी होणार."

"गप रं. लई शिकलास."

सगळे हसले. मीही हसलो.

लुंबिनीला दोन दिवस आनंदात गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्यानं सगळ्यांसमोर उरलेले पैसे मोजले. पाचशे ऐंशी. सकाळी नाक्यावर आलो तेव्हा मला जुलाब लागले होते, झाडाखाली पडून होतो. बाकीचे बसमध्ये जागा धरायला गेले. आत्या एकटीच सराफाकडं गेली आणि तीनशे नव्वद घेऊन आली.

"राती पाचशे ऐंशी व्हते," माझा चुलता म्हणाला. "एकशे नव्वद कुठं गेले?"

आत्याला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिनं सगळ्यांची तोंडं पाहिली.

मी उठून काडीनं मातीत हिशोब मांडला. शंभराला एकशेपंचेचाळीसचा भाव, म्हणजे पाचशे ऐंशी नेपाळीचे आपले चारशे; परत घेताना सराफ आणखी थोडं कापतो. गुरुजी शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवायचे. त्यांनी माझे आकडे बराच वेळ पाहिले.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण सराफानं किती दिले ते बघायला कोण होतं?"

"चला, विचारून येऊ," मी म्हणालो.

"तिनं त्याला वाटा दिला आसंल, तर तो सांगंल व्हय?" चुलता म्हणाला. "आन् तू कशाला मधी बोलतो? ल्हानपणापसनं तिच्याच हातची भाकर खाल्लीस."

बायकांनी आत्याभोवती दोन लुगड्यांचा आडोसा धरला. एका लुगड्याचं टोक माझ्या आईच्या हातात होतं. आतून आत्याचा आवाज आला, "केसात बी बघा गं. तेवढं ऱ्हायलंय."

कुणीतरी केसातही बघितलं.

"गिळल्या असतील," बसजवळून एकजण म्हणाला. "उद्या सकाळी कळंल."

पुरुष हसले. आत्या बाहेर आली ती केस मोकळे सोडूनच, आणि रेल्वेत बसेपर्यंत तिनं ते बांधले नाहीत. वाटेत तिच्याशी कुणी भांडलं नाही. चहा मात्र कुणी दिला नाही.

गावी आल्यावर भिशी तिच्याकडून काढून घेतली. ती पाण्याला निघाली की पोरं विचारायची, "आत्या, नेपाळात रुपया कितीला?" पोरांना हे घरातूनच शिकवलेलं होतं. वर्षाच्या आत ती तेरखेड्याला भाचीकडं गेली आणि फटाक्यांत दारू भरायच्या कामाला लागली. मी उस्मानाबादला कॉलेजात आलो. सुट्टीत घरी गेलो की हिशोबाचा विषय काढायचो. "झालं गेलं, आता कशाला उकरतो," म्हणून आई ताट वाढायची.

परवा चुलतभाऊ वसतिगृहावर आला. आईनं दिलेलं भाकरीचं गठुडं खाटेवर ठेवून म्हणाला, "आत्या गेल्या."

मी गठुडं बाजूला सरकवून त्याला बसायला जागा केली.

"हाल न्हाय झाले फार. पर मरायच्या आधी सगळ्यांचं फेडलं बरं का."

"काय फेडलं?"

"नेपाळचं. दर बाजाराला यायच्या आन् एकेका घरचं देऊन जायच्या. त्यांचं सवताचं सोडून आकरा घरं. बोटं दारूनं काळी पडलेली."

"आणि लोकांनी घेतलं?"

"घेतलं की. गुरुजींनी तर मोजून घेतलं."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आमच्या घरी?"

"तुझी आई आधी नको म्हनली. मग गुरुजींनी घेतलं म्हनल्यावर घेतलं."

त्यानं गठुड्याची गाठ सोडली आणि एक भाकरी माझ्यापुढं केली.

"आता तरी पटलं का तुला? खाल्लं नसतं तर फेडलं कशाला असतं?"