ताप नव्हता

लिव्हर म्हटलं की लोक नजरेनेच बाटली शोधायला लागतात. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये बाबांना बघायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तशी शोधली, आणि मी एकेकाला फाटकापर्यंत सोडताना सुनावलं, "थेंबाला हात लावला नाही हो त्यांनी आयुष्यात. जुनी कावीळ आहे ती!" आई म्हणायची, "अगं, जीभ आहे की सुरी?" असू दे सुरी. आजारी माणसाला पेढे आणि संशय एकाच पिशवीतून आणतात मेले.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. घरात 'वाटतं' हा शब्द चालायचा नाही. दूध नासलंसं वाटतंय, असं आई म्हणाली की हे विचारणार, "वाटतंय की नासलंय?" मी त्यांचीच लेक. रीडिंग दाखवा, मग बोला.

लिव्हर पार निकामी झालं, पोटात पाणी भरायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की आता यांच्या अंगात जंतूंशी झगडायची शक्ती उरलेली नाही, साधं इन्फेक्शनसुद्धा जिवावर बेतेल. गुंगी आली, पोट दुखलं, बोलण्यात गडबड झाली किंवा ताप आला, तर एक तासही थांबायचं नाही. चार गोष्टी सांगितल्या त्यांनी. मी घरी एकच घेऊन आले, कारण तेवढीच मोजता येत होती.

बाबांनी पडल्या पडल्या पट्टीने कागद आखून दिला. तारीख, वेळ, रीडिंग, सही. कारखान्याचा भोंगा वाजला की थर्मामीटर लावायचा, आकडा लिहायचा, पुढे 'ओके' लिहून सही ठोकायची. बाबा कागद डोळ्यांजवळ धरून तपासायचे आणि म्हणायचे, "शाब्बास, सुपरवायझर बाई." मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! सगळे रकाने ओके होते. मला खरंच वाटायला लागलं होतं की आम्ही त्यांना वाचवतोय.

मग एका सकाळी आई म्हणाली, "यांचं काहीतरी बिनसलंय गं. कप हातात धरून बसलेत, चहा प्यायचं विसरलेत." मी थर्मामीटर लावला. साडेसत्त्याण्णव. ओके.

दुपारी बाबांनी विचारलं, "हबीबगंज स्टेशनवरून गाडी कितीची आहे आपली?" कुठली गाडी नि काय! आईने त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला, मग पायांवर.

"पाय गार पडलेत. चल, आत्ताच्या आत्ता घेऊन जाऊ."

"उगाच कशाला? नॉर्मल आहे रीडिंग. झोप झाली नसेल."

"हातच्या काकणाला आरसा कशाला हवाय? दिसतंय ना मला!"

"आई, तुझा हात म्हणजे काय थर्मामीटर आहे?"

तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि ती आत कणीक मळायला गेली. बाबांनी माझी बाजू घेतली नाही की तिची. त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. संध्याकाळच्या भोंग्याला मी पुन्हा रीडिंग घेतलं. सत्त्याण्णव. ओके.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्याला ते उठलेच नाहीत. हाका मारल्या, हलवलं, तरी नुसते कण्हले. दवाखान्यात पोटातलं पाणी तपासलं तेव्हा कळलं की इन्फेक्शन दोन-तीन दिवसांपासूनच पसरत होतं. आई बाहेर बाकावर बसली होती. मी आत डॉक्टरांपुढे तो कागद उलगडला. अजून ताठाच होता माझा! "पर बुखार तो था ही नहीं, सर."

डॉक्टरांनी सगळे रकाने वाचले. मग हळूच म्हणाले, "बेटा, बुखार आने के लिए भी शरीर में ताकत चाहिए. इनमें बची ही नहीं थी." आणि कागद होता तसा घडी घालून माझ्या हातात दिला.

बाबा चौथ्या दिवशी गेले. आई म्हणाली त्या दुपारीच आणलं असतं तर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. इतरांना सुनावणारी मी, तेवढं विचारायची माझी छाती झाली नाही. आणि तापाबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे आईला आजतागायत सांगितलेलं नाही. तिला वाटतं, ताप नव्हता म्हणजे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. मी लबाड आहे, दुसरं काय.

मागच्या महिन्यात मला कणकण आली म्हणून ती अरेरा कॉलनीतल्या माझ्या घरी आली. सवयीने तिचा हात माझ्या कपाळाकडे आला आणि मध्येच थांबला.

"थर्मामीटर लाव गं बाई," ती म्हणाली, "माझ्या हाताला काय कळतंय."