लाइट जायच्या आधीचं बेसन

आमच्या गल्लीत त्या दिवशी लाइट गेली नाही. ती जाणार म्हणून केलेल्या तयारीत मात्र बरंच काही गेलं. त्यातली माझी अब्रू सगळ्यात स्वस्तात गेली.

बातमी डोंगरेसाहेबांची. हे कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, त्यामुळे नागपुरातला प्रत्येक बल्ब आपल्याच कृपेने लागतो, असा त्यांचा चेहरा असतो. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी जाहीर केलं, 'उद्या दिवसभर वीज बंद. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' (असंबंधितांनी काय करावं, हे साहेब कधीच सांगत नाहीत.)

आमच्या पुढच्या खोलीत माझ्या बायकोची, शोभाची, पिठाची चक्की आहे. हा संदेश आला त्याच दिवशी तिला भावाच्या वास्तुपूजेसाठी कुहीला जायचं होतं. इकडे शेजारच्या वानखेडेकाकूंच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि लाडवांसाठी चण्याची डाळ दळायला आलेली. लग्नघरचं हे शोभाचं पहिलंच काम. साधलं तर पुढची सगळी लग्नं तिची, फसलं तर चक्कीला कुलूप.

"अहो, लग्नाचं बेसन तेवढं दळजा. बाकी कोणाचं काही घेऊ नका. आन् मिरचीले तर हातच लावू नका. मिरची मी आल्यावर, सगळ्यात शेवटी."

"काहून? मले दळता येत नाही का?"

"दळता येते हो. तुमच्यानं गप राहवत नाही, त्याचंच भेव वाटते."

ती गेली आणि मला गप राहवेना. गल्लीवर वीजसंकट आलेलं असताना आपण एकट्या काकूंची डाळ दळायची? मी ग्रुपवर लिहिलं, 'उद्याच्या वीजसंकटाच्या पार्श्वभूमीवर आज विशेष दळण मोहीम!' घटकाभरात व्हरांड्यात डबेच डबे. एक दिवस लाइट जाणार होती, पण गल्ली दुष्काळाच्या तयारीला लागली होती. ज्यांच्या घरी वर्षभर हॉटेलातून पोळ्या येतात, तेही ज्वारी घेऊन हजर!

"माझा डबा पहिले होता गा!"

"डबा होता, तू कुठं होता?"

मी स्टुलावर चढलो. (मला स्टुलावर चढू देऊ नये, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरात कुणी नव्हतं.) "ज्याचं दळण कमी, त्याचा नंबर आधी!" मी घोषणा केली.

"वा! याले म्हणतात प्रशासन!" डोंगरेसाहेब म्हणाले. त्या कौतुकात मला त्यांच्या पायाशी असलेलं पोतं दिसलं नाही. त्यात त्यांची वर्षभराची लाल मिरची होती.

सगळ्यांचे गहू झाले, ज्वारी झाली. उरली काकूंची डाळ आणि साहेबांची मिरची. काट्यावर ठेवली तर मिरची मूठभर कमी!

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले.

मला शोभाचं बोलणं आठवलं. पण शेवटून दुसरी म्हणजे जवळजवळ शेवटीच की! मी मिरची ओतली. अर्धी गल्ली शिंकत घरात पळाली. नियम करणारा मी तोंडाला टॉवेल बांधून कर्तव्यावर उभा राहिलो. नाक कामातून गेलं, डोळे वाहू लागले, आणि त्याच डोळ्यांनी पाहत मी त्याच चक्कीत काकूंची डाळ टाकली. बेसन काय सुरेख उतरलं! केशर घातल्यासारखा रंग! मी ते स्वतः मांडवात पोचवलं.

"काकू, रंग पाहा!"

"अगं बाई, भलताच छान आला हो!"

संध्याकाळी आचाऱ्याने ते बेसन कढईतल्या गरम तुपात सोडलं. नेमके तेव्हाच मुलाकडचे शालू घेऊन आले होते आणि व्याही छाती काढून बोलत होते, "आमच्या खानदानाची परंपराच अशी, की..." परंपरा कशी, ते कुणालाच कळलं नाही. त्यांना ठसका लागला. मग विहिणीला, मग आचाऱ्याला, मग मांडवाला. व्याह्यांनी परंपरा सोडून शालूच तोंडाला बांधला. लग्नात मुलीकडचे रडतात. इथे मुलाकडचे धाय मोकलून रडत होते.

"भाऊ, दळलं तरी काय तुम्ही?" काकू ओरडल्या.

तेवढ्यात कुहीच्या बसमधून उतरलेली शोभा मांडवात आली. तिने एकदाच श्वास घेतला.

"मिरची?"

"शेवटून दुसरी," मी म्हणालो.

ती तडक घरी गेली. पदर खोचून तिने चक्की उघडली, झाडली, पुसली, तांदूळ घालून दोनदा फिरवली आणि काकूंकडून नवी डाळ आणवून नवं बेसन दळून दिलं. उरलेल्या लाल बेसनाच्या तिने पाटवड्या केल्या, झणझणीत रस्सा केला आणि मुलाकडच्यांना जेवायला बसवलं. व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं. "काय हात आहे वहिनी! मसाला कुठला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

आता शोभाची चक्की जोरात चालते. लग्नाची कामं दूरदूरहून येतात. फक्त डबा ठेवायच्या आधी बाया हळूच विचारतात, "शोभा वं, भाऊजी घरी आहेत का?"

"नाही वं, बाहेर गेले."

"मंग ठेवतो डबा."

आणि भर मे महिन्यात मी आतल्या खोलीत, आवाज नको म्हणून कूलर बंद करून, 'बाहेर' बसलेला असतो.