स्टेअरिंग ऑइलची गरम डबी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत सायन्स शिकवते. द्रव तापला की प्रसरण पावतो हे आठवीच्या कितीतरी पोरांकडून घोकून घेतलंय. म्हणूनच तर हा प्रकार मला इतका छळतो...

आंध्र प्रदेश एकच होता तेव्हाची गोष्ट. आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याला राहायचो. मी गावातल्या मराठी शाळेत, आमचे हे आदिलाबादला कचेरीत. जुनी गाडी घेतली होती, पण पॉवर स्टेअरिंगवाली, म्हणून गल्लीत भाव खाऊन घेतला. दोघांनाही चालवता यायची. थंडी सुरू झाली तशी चाक वळवताना ती कण्हायला लागली. आदिलाबादच्या मेकॅनिकने स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं आणि आधीच्या मालकाचा उद्धार केला, त्याने भलतंच तेल ओतलं होतं म्हणून. मग सगळं उपसून, झाकणावर लिहिलेल्याच जातीचं लाल तेल भरलं. मला म्हणाला, "मॅडम, रोज सवेरे गाडी ठंडी रहे तब देखना. तेल घटा तो कहीं लीक है."

डबीवर दोन खुणा होत्या. खालची थंड गाडीसाठी, वरची गाडी चालून तापल्यावरची. यांना असल्या कामाचा कंटाळा, म्हणून तपासणी माझ्याकडे.

चार दिवस तेल खालच्या खुणेला. मग एका सकाळी पाहते तर वरच्या! डबीला हात लावला तर चांगली गरम. बॉनेटवर दव, इंजिन गारठलेलं, किलोमीटरचा आकडा आदल्या संध्याकाळचाच... आणि डबी मात्र आत्ताच लांबून आल्यासारखी. एक-दोन दिवस नीट जायचे, की पुन्हा तेच.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे! मला संशय आला. सरळ नवऱ्याचाच. मी झोपल्यावर हा माणूस गाडी काढून कुठं जातो? आकड्याचं काय, तो मागे फिरवणारे आहेतच की. मी किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. तरी डबी गरम. कपाट उघडून दुसरी किल्ली शोधली, ती गायब. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

संध्याकाळी हे चपला काढतात न काढतात तोच मी विचारलं, "कपाटातली किल्ली कुठं हाय? रातच्याला कुठं जाता तुमी?"

हे खाली बसले.

"किल्ली कचेरीत ठेवली, मेजाच्या खणात," ते म्हणाले. "तू नेऊ नये म्हनून. मी बी हात लावून पाह्यला होता त्या डबीले, तू उठायच्या आधी. मले वाटलं, सुनंदा, तूच कुठं जाऊन राह्यली."

"मी? अन् मंग काऊन नाही इचारलं?"

"तू हो म्हनली असती तं?"

एवढे दिवस मी यांच्यावर डोळा ठेवून होते, आणि हा माणूस शेजारी पडून माझ्यावर! राग आला, रडू आलं, मग दोघांनाही हसू फुटलं. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली...

सकाळी म्हटलं, चला, सोबतच पाहू. एक किल्ली तांदळात, एक आदिलाबादला कुलपात. यांनी बॉनेट उचललं आणि दोघांनी एकदमच हात लावला.

गरम होती.

खरं सांगते, मला पहिली भीती वाटली ती तेव्हा. तोवर निदान कोणावर तरी संशय घेता येत होता.

मेकॅनिकने पंप, पाइप सगळं तपासलं. त्याला काही सापडलं नाही. लवकरच गाडी विकून टाकली. माझ्या सायन्सकडे याचं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या सकाळी मात्र यांनी बॉनेट लावलं आणि माझा हात धरला. समोरच्या ओट्यावर शेजारीण दात घासत उभी होती. तिच्यादेखत, घरात शिरेपर्यंत, त्यांनी तो सोडला नाही.