ओटीचा खण आणि धुरकटलेली काच

लेकीचं, श्रुतीचं, पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतर मी देवघरात दिवा लावणं सोडून दिलं. भांडणासारखं काही नव्हतं त्यात. मला हात जोडता येईनासे झाले, एवढंच. आमचं कुलदैवत तुळजापूरची आई. लग्न होऊन या घरात आल्यापासून दरवर्षी मी तिची ओटी भरत आले होते, आणि लेकीसाठी जे मागायचं ते तिच्याचकडं मागितलं होतं. ते असं झाल्यावर पुन्हा कोणत्या तोंडानं मागायचं, हे मला कळत नव्हतं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. संध्याकाळ झाली की त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या आणि दिवा स्वतः लावायच्या. दोन वर्षं घरात असंच चाललं.

गेल्या वर्षी श्रुतीला पुन्हा दिवस गेले. आठव्या महिन्यात ती बाळंतपणाला आमच्याकडं आली. जावई पुण्याला नोकरीत. आमचं गाव अणदूरच्या जवळ, सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून थोडं आत आहे. कोजागरी दोन दिवसांवर आली होती आणि परतीचा पाऊस सुरू होता. त्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर श्रुती म्हणाली, डोकं फुटल्यासारखं दुखतंय. तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी शेजारीच राहणाऱ्या उपकेंद्राच्या सिस्टरना बोलावलं. त्यांनी दोनदा बीपी बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, बीपी लई वाढलंय. हितं थांबू नका, थेट सोलापूरला न्या. मी दवाखान्यात फोन करून ठेवते. वाटेत डोळ्यांपुढं धूसर यायला लागलं, तर कुठंच थांबू नका."

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, यायला तास तरी लागणार होता. माझे यजमान सोयाबीन घेऊन लातूरला गेलेले. गावातली दुसरी एक गाडी होती, तीही बाहेर. दारात आमची जुनी कार उभी होती. मी उन्हाळ्यात गाडी शिकले होते, परवानाही मिळाला होता. पण तोवर माझी मजल नळदुर्गपर्यंत, तीही कोरड्या रस्त्यावर, यजमान शेजारी असताना. आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "किल्ली घे. मी तिला धरून बसते."

अंगणातून गाडीपर्यंत जाईस्तोवर आम्ही तिघी भिजलो. श्रुतीला थंडी वाजत होती म्हणून अंगावर वाकळ टाकली होती, तीही ओली झाली. मी सगळ्या काचा गच्च लावून घेतल्या, एसी बंद ठेवला आणि नुसता पंखा गरम हवेवर सोडला. लेकरू काकडतंय, त्याला ऊब मिळावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. साडेसहा वाजले असतील. महामार्गाला लागले तेव्हा उजाडलं होतं, पण आभाळ इतकं भरलेलं की दिवे लावूनच चालावं लागत होतं.

मैलभर गेल्यावर समोरचं दिसेनासं झालं. मला वाटलं पाऊस वाढला. वायपर जोरात केले. ते काचेवरून सपासप फिरत होते, तरी काच पांढरी ती पांढरीच. मग लक्षात आलं की पांढरं बाहेरून नाही, आतून आहे. मी पदरानं पुसलं. पदर ओला होता. काचेवर पाण्याचे ओघळ उठले आणि त्यांतून पुढच्या ट्रकचा लाल दिवा फिसकटलेल्या कुंकवासारखा दिसला. चार श्वास घेईपर्यंत काच पुन्हा भरली. एका हातानं पुसायचं, एका हातानं स्टेअरिंगचं चाक धरायचं, असं चाललं. बाजूच्या काचाही पांढऱ्या झाल्या होत्या. मागून कोण येतंय ते आरशात दिसत नव्हतं.

आणि रस्त्याच्या कडेनं माणसं चालत होती. कोजागरीच्या पुनवेला कर्नाटकातून हजारो लोक पायी तुळजापूरला येतात. उमरग्याकडून येणारे आमच्याच रस्त्यानं नळदुर्गपर्यंत जातात आणि तिथून वळतात. डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतलेले, खाली मान घातलेले, अनवाणी. ते माझ्या डाव्या हाताला आहेत हे मला माहीत होतं, पण किती जवळ आहेत ते दिसत नव्हतं. थांबावं तर लेक जाईल. जावं तर कुणाच्या तरी अंगावर जाईन. माझे तळवे चाकावर घसरत होते.

मागून श्रुती म्हणाली, "आई, मला काही दिसंना."

"काचंनं वाफ धरलीया बाळा," आत्या म्हणाल्या, "आमालाबी दिसंना."

श्रुती म्हणाली, "काच न्हाय आजी. मला तुझा चेहरा दिसंना."

सिस्टरचे शब्द माझ्या कानात होते. मी वेग वाढवला. आज लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच लिहायचं. त्या क्षणी मला रस्त्यावरची माणसं आठवली नाहीत. फक्त लेक आठवली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, "आई, आता तू बघ, मला दिसत न्हाय." प्रार्थना म्हणावी असा तो सूर नव्हता. रागच होता त्यात.

काचेत एकदम एक काळी आकृती उभी राहिली. मी सगळा जोर ब्रेकवर टाकला. गाडी ओल्या रस्त्यावर थोडी सरकली आणि थांबली. बॉनेटवर कुणाचा तरी तळहात आपटल्याचा आवाज आला. मी दार उघडून खाली उतरले.

साठीच्या पुढचा माणूस होता. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावरचा भंडारा पावसानं नाकापर्यंत ओघळलेला, खांद्याला पिशवी. त्याच्या गुडघ्यात आणि गाडीत वीतभर अंतर असेल. मला वाटलं आता हा ओरडणार, आणि त्यानं ओरडावं असंही वाटलं. त्यानं आधी मला बघितलं, मग वाकून मागच्या सीटकडं बघितलं. मी कानडीत सांगितलं, लेक आहे, आठवा महिना, सोलापूरला न्यायची आहे. आमच्या भागात ती भाषा घरचीच आहे. तो मात्र मराठीतच बोलला.

"अक्का, आधी गाडी कडेला घ्या. चारी दिवे लुकलुकते ठेवा."

मी घेतली. तो शेजारच्या दारानं अर्धा आत वाकला आणि हवेच्या कळांवर हात फिरवला. "आतलीच हवा फिरवायलाय तुमी. तिघींचा श्वास, ओले कपडे, सगळं काचंवर बसतंय." उन्हाळ्यात धूळ येऊ नये म्हणून यजमानांनी ती कळ तशी करून ठेवली होती, आणि मला तिचा अर्थच माहीत नव्हता. त्यानं कळ बाहेरच्या हवेवर ओढली, झोत काचेकडं वळवला आणि एसी चालू केला. मी म्हणाले, "अण्णा, तिला थंडी वाजतीया." तो म्हणाला, "हवा गरमच येईल. एसी हवेतलं पाणी ओढून घेतंय. भिऊ नका." मग त्यानं आत्यांकडून ओली वाकळ मागून घेतली आणि डिकीत टाकली. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्यायला लावल्या. पुण्याहून येताना श्रुतीनं आणलेली शाल आत्यांच्या पिशवीत कोरडी होती, ती तिच्याभोवती गुंडाळली.

"काच पुसायला कोरडं काय हाय?"

काहीच नव्हतं. तिघींच्या अंगावरचं सगळं ओलं. शाल तर पोरीला हवी. तो क्षणभर थांबला. मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये चार घड्यांत गुंडाळलेला हिरवा खण काढला. नवा, काठावर सोनेरी रेघ असलेला. देवीच्या ओटीचा होता हे सांगायची गरज नव्हती. मागं आत्यांनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. त्यानं तो खण उलगडला आणि समोरची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नीट, सावकाश पुसली. मग बाजूच्या काचा पुसल्या आणि खण माझ्या हातात दिला.

"मळलेल्या काचंवर वाफ लवकर बसती. आता बसली तरी ह्यानंच पुसा, पदरानं न्हाय."

मी त्याचा हात धरला. म्हणाले, "अण्णा, तुम्हाला एवढं कळतंय, तुम्हीच चालवा. मी तुमच्या पाया पडते. नवस तुमचा पायी जायचा असेल, तर पाप मला लागू द्या."

"तीस वर्षं बस चालवली मी," तो म्हणाला. "नवसाचं काय न्हाय, तो मी मोडला असता. पण आता मला दूरचं दिसत न्हाय, म्हणून चाक सोडलं. तुमाला दिसतंय. तुमालाच चालवायला लागंल."

मी खणाकडं बघितलं. तो म्हणाला, "देवीला मी सांगतो. तुमी निघा."

दार लावून तो मागं सरकला. मी नावही विचारलं नाही.

गाडी सुरू केली तेव्हा काचेच्या खालच्या कडेपासून उजेड वर चढत गेला. रस्त्याची पांढरी रेघ दिसली, झाडं दिसली, आणि डाव्या हाताला एकेक माणूस वेगळा दिसायला लागला. एका बाईच्या कडेवर मूल होतं. मघाशी मी यांच्याच शेजारून डोळे मिटल्यासारखी गेले होते. नळदुर्गला ते सगळे तुळजापूरच्या रस्त्याला वळले आणि मी सरळ निघाले. पुढं दोनदा काचेनं कडेला वाफ धरली, दोनदा खणानं पुसली. आत्या श्रुतीशी सतत बोलत होत्या, तिला उत्तर द्यायला लावत होत्या. बोरामणीजवळ ती उत्तर द्यायची थांबली. आत्यांचा आवाज मात्र थांबला नाही, आणि मीही मागं वळून बघितलं नाही. मला एकच काम सांगितलं होतं, समोर बघायचं.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. श्रुतीला आत नेताच आकडीचा झटका आला. डॉक्टर एवढंच म्हणाले की हा झटका गाडीत आला असता तर आमच्या हाती फारसं काही राहिलं नसतं. दोन तासांनी मुलगी झाली. अगदी लहान. तिला वीस दिवस पेटीत ठेवलं. श्रुतीची नजर तिसऱ्या दिवशी पूर्ण साफ झाली. तिनं आत्यांकडं बघून पहिलं वाक्य उच्चारलं, "आजी, तू जेवलीस का?" आत्या तेव्हा कुठं रडल्या.

हा चमत्कार होता का, असं मला लोक विचारतात. मी वाद घालत नाही. एक निवृत्त बस ड्रायव्हर त्या रस्त्यानं चालला होता आणि त्याला गाडीतलं कळत होतं. पण मला स्वतःचं माहीत आहे. त्या सकाळपर्यंत मला वाटायचं, देवीवर भार टाकायचा म्हणजे तिनं माझ्या हातातलं काम काढून घ्यायचं. तसं झालं नाही की मी रुसायचे. तिनं चाक माझ्याच हातात ठेवलं. मला फक्त ऐकायला लावलं. ही कळ ओढ, ही काच उघड, ही वाकळ दे. कुरकुर केली तरी शेवटी सांगितलं तसंच केलं, आणि तेवढ्यानं पुढचा रस्ता दिसला. पहिलं बाळ का गेलं, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. ते मिळालं पाहिजे हा हट्ट मात्र उरला नाही.

यंदा कोजागरीच्या आधी दोन दिवस यजमानांनी आणि मी महामार्गावरच्या आमच्या गावच्या फाट्यावर ताडपत्री बांधून पायी जाणाऱ्यांसाठी चहा ठेवला. पहिल्या दिवशी मी प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा निरखत होते. कुणी तीस वर्षं बस चालवली आहे का, असं कानडीत विचारत होते. दुपारपर्यंत चहा दोनदा उतू गेला. शेवटी एक आजीबाई हसून म्हणाली, "कुणाला शोधतीस बाई? पाय दुखायलेत, चहा दे की."

मी तिला बसायला पोतं टाकलं, गाळून चहा दिला. मग तिच्या मागच्याला दिला, त्याच्या मागच्याला दिला. चेहरे बघायचं हळूहळू सुटलं. रांग संध्याकाळपर्यंत चालू होती.