मीरासाबची दोन पोती

शाहूपुरीच्या पेठेत मीरासाब मापाडी वीस वर्षं धान्य मापत होता. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून असा सूर लावायचा, की पार स्टेशनापर्यंत ऐकू जावा. पेठेतलं प्रत्येक पोतं त्याच्या हाताखालून जायचं, म्हणून भावाचं आतलं गणित त्यालाच ठाऊक, अशी सगळ्यांची समजूत. त्या बिचाऱ्याला घरात आज काय शिजलंय तेही ठाऊक नसायचं. बायको अमीरबी ताटात वाढेल तेव्हा कळायचं.

जर्मनच्या लढाईचे दिवस. आगगाडीचे डबे फौजेकडं गेलेले, माल कधी येईल त्याचा भरवसा नाही. व्यापारी नुसत्या खोकल्यालाही दचकायचे. अशात मीरासाबनं बाळासो दुकानदाराला सांगितलं, "दोन पोती तांदूळ बाजूला ठेवा. शुक्रवारी नेतो."

शुक्रवारी धाकट्या लेकीचा, नजीराचा निकाह होता. पावण्यांना पोटभर भात वाढायचा, एवढीच त्याची हौस.

बाळासोनं भलतंच ताडलं. मापाडी साठा करतोय, म्हणजे भाव चढणार! त्यानं विक्री बंद केली. ते बघून शेजाऱ्यानं दुकानाला फळ्या लावल्या. ते बघून बायका पिशव्या घेऊन धावल्या. सकाळी रुपयाला आठ शेर मिळणारा तांदूळ दिवेलागणीला पाच शेरांवर आला.

"अवो, पोरीचं लगीन हाय!" मीरासाब ओरडला.

"व्हय व्हय," बाळासोनं डोळा घातला. "मग आमास्नी आवतण कसं न्हाय?"

मीरासाबचं डोकं फिरलं. त्यानं हमालांसकट अख्ख्या पेठेला आवतण दिलं. तेव्हा कुठं खात्री पटली, दुकानं उघडली, तांदूळ सात शेरांवर आला. पण जेवायला आता तीनशे माणूस! मीरासाब पुन्हा बाळासोकडं.

"दोन न्हाय, पाच पोती द्या."

बाळासोनं त्याला खालीवर न्याहाळलं आणि दुकान बंद करायला गुपचूप फळी उचलली.

"ठेवा ती फळी खाली! तुमीच जेवायला येणार हायसा की!"

"येतो की. पर एकदम पाच? लढाई वाढतीया न्हवं?"

दुपारी तांदूळ चार शेर. बाजूला ठेवलेली दोन पोतीसुद्धा बाळासो 'विसरला'.

शुक्रवारी निकाह झाला. पंगतीत मटणाचा रस्सा आणि जोंधळ्याच्या भाकरी. बाळासो पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता.

"मीरासाब, लग्नात भात न्हाय व्हय?"

"हाय की," मीरासाब रस्सा वाढत म्हणाला. "तुमच्या कोठारात."

बाळासोनं आणखी एक भाकरी मागून घेतली.